चहा, हळद आणि ‘लोक काय म्हणतील’

आमच्याकडं, महागाव-उमरखेड भागात, हळद पिकते. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्यांना कापूस आठवतो, हळदीचं फारसं कुणाला ठाऊक नसतं. शिमग्याच्या आगेमागे कंद काढायचे, शिजवायचे, अंगणात पसरून वाळवायचे, ढोलात घालून पॉलिश करायचे आणि हिंगोलीच्या बाजारात न्यायचे. त्या दिवसांत माझ्या मोठ्या मायचे हात मनगटापर्यंत पिवळे असतात. (मोठी माय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ‘मोठी काकू’ समजावं.) साबणानं तो रंग जात नाही. पंधरा दिवस तरी राहतोच.

मागच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी मांडवात पाच सवाशिणी बसल्या, जात्यावर हळद दळली, गाणी झाली. ती हळद मोठ्या मायच्या शेतातली होती. शिजवलेली तिनं, वाळवलेली तिनं. बहिणीलाही तिनंच वाढवलेलं, कारण आई नोकरीवर जायची. मोठे बाबा जाऊन चौदा वर्षं झालीत. नवरीला हळद लावायची वेळ आली तशी मोठी माय उठली आणि आतल्या खोलीत जाऊन आहेराची लुगडी मोजत बसली. तिला कुणी ‘जा’ म्हटलं नाही. कुणी ‘थांब’ही म्हटलं नाही. मी उंबऱ्यापाशीच उभी होते. मीही काही बोलले नाही.

आता अडचण अशी की माझं पीएचडीचं काम नेमकं याच प्रश्नावर आहे. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. चुंबकातले अणू शेजारच्या अणूकडं बघून आपली दिशा ठरवतात, त्याची जी गणितं असतात, तीच थोडी बदलून माणसांच्या जाळ्याला लावायची, असं माझ्या कामाचं ढोबळ स्वरूप आहे. किती शेजारी बदलले की माणूस बदलतो? आणि कितीही बदलले तरी का बदलत नाही? संगणकावर असे दहा हजार ठिपके मी रोज इकडून तिकडं वळवते. घरच्या मांडवात मात्र माझा स्वतःचा ठिपका जागचा हलला नाही.

लग्न आटोपल्यावर मी एक उद्योग केला. एकेकाला एकटं गाठून विचारलं, मोठ्या मायनं हळद लावली असती तर तुला चाललं असतं का? आजी म्हणाली, “मी तं केव्हाचीच लावू देल्ली असती, पन तुह्या मायले आवडलं नसतं.” आई म्हणाली, “माझं काय जात होतं? आजीसमोर कसं म्हणायचं?” आत्या म्हणाली, “वहिनीनंच तं वाढवलं पोरीले. पन पाव्हन्यायसमोर तमाशा नको.” मग मी बहिणीच्या सासूबाईंना, म्हणजे त्या पाव्हण्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “आमी काय म्हनलो असतो? तुमच्याकडं चालत नसंल म्हनून आमी चूप.”

म्हणजे मांडवातली प्रत्येक बाई दुसऱ्या बाईसाठी नियम पाळत होती, आणि ती दुसरी बाई कुठंच नव्हती.

सामाजिक मानसशास्त्रात याला ‘प्लुरॅलिस्टिक इग्नरन्स’ म्हणतात. मराठीत ‘सगळ्यांचा सगळ्यांविषयीचा गैरसमज’ म्हणू या. २०२० साली तीन अर्थतज्ज्ञांचा सौदी अरेबियातला एक अभ्यास छापून आला, तो मला फार आवडतो. बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का, असं नवऱ्यांना खाजगीत विचारलं, तर बहुसंख्य ‘हो’ म्हणाले. पण शेजारीपाजारी काय म्हणत असतील याचा अंदाज विचारल्यावर बहुतेकांनी तो खऱ्यापेक्षा बराच कमी सांगितला. मग काही नवऱ्यांना खरा आकडा सांगितला, आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या बायकांनी नोकरीसाठी अर्ज करण्याचं प्रमाण वाढलं. मन वळवावं लागलं नाही, नुसता आकडा सांगावा लागला.

हे वाचून मी बरीच खूश झाले होते. वाटलं, प्रश्न सुटला. लोकांना एकमेकांची मनं कळत नाहीत एवढंच, कळवून टाकू. मग मी १८९० सालच्या पुण्यातलं पंचहौद चहा प्रकरण वाचायला घेतलं आणि माझी खुशी ओसरली. कारण तिथं सगळ्यांना सगळ्यांची मनं अगदी नीट माहीत होती.

शाळेत आपण हे प्रकरण दोन ओळींत उरकतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यानाचा कार्यक्रम झाला. शहरातली चाळीस-पन्नास प्रतिष्ठित मंडळी आली होती. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, टिळकही होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी संकोचानं नुसता कप हातात धरला आणि बाजूला ठेवला. मिशनऱ्यांच्या घरचा चहा म्हणजे धर्म बुडाला, असा तो काळ. हे सगळं जुळवून आणणारे होते गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, एक विलक्षण आणि बराचसा त्रासदायक माणूस. त्यांनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणली.

खरी गोष्ट इथून सुरू होते. रानड्यांची मतं कुणापासून लपलेली नव्हती. ते प्रार्थनासमाजाचे, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते; सामाजिक परिषद त्यांनीच चालवलेली. यादी छापून आली म्हणून पुण्याला त्यांच्या मनातलं नवीन काही कळलं असं नाही. पण जे सगळ्यांना माहीत होतं ते आता सगळ्यांसमोर आलं, आणि न पाहिल्यासारखं करायची सोय संपली. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडं तक्रार नेली, चौकशीला शास्त्री नेमले गेले, आणि चहा प्यायला की नाही, प्यायला तर प्रायश्चित्त काय, यावर रीतसर खटला चालला. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेऊन मोकळे झालो आहोत असं दाखवलं. वकिली डोकं! बाकीच्यांचं घोंगडं दीड-दोन वर्षं भिजत पडलं.

बहिष्कार म्हणजे नेमकं काय, हे आपल्या पिढीला शब्दावरून कळत नाही. श्राद्धाला भटजी येत नाही. मुंजीला, लग्नाला ब्राह्मण मिळत नाही. पंगतीला बोलावणं नाही. लेक माहेरपणाला यायची, तर तिचे सासरचे पाठवत नाहीत, कारण पाठवलं तर त्यांच्यावरही शिंतोडे. चहा प्यायलेल्या पुरुषाचं यात फारसं बिघडत नव्हतं. तो कचेरीत जात होता, पगार मिळत होता, व्याख्यानं देत होता. घरात बसून सोसत होत्या त्या आई, बायको, बहीण, लेक, ज्यांनी तो चहा चाखलाही नव्हता.

१८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. स्वतःसाठी त्यांना त्याची गरज नव्हती. बरोबरच्या मित्रांच्या घरी हाल चालले होते, आणि रानड्यांनी घेतलं तर त्या मित्रांनाही घेणं सोपं जाणार होतं, म्हणून घेतलं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात हा प्रसंग लिहून ठेवला आहे. सुधारकांनी रानड्यांवर टीका केली आणि सनातन्यांना आनंद झाला. दोन्ही बाजूंनी त्यांना भित्रा ठरवणं सोपं होतं.

मीही ठरवलं होतं, खोटं कशाला बोलू. कारण रानड्यांचा एक जुना हिशेबही आपल्याला माहीत असतो. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाची चळवळ चालवणारा हा एकतीस वर्षांचा माणूस आता विधवेशीच लग्न करणार, असं लोकांना वाटत होतं. वडिलांनाही तीच भीती होती. त्यांनी घाईघाईनं अकरा वर्षांची मुलगी ठरवली आणि रानड्यांनी मान खाली घालून लग्न केलं. तीच मुलगी म्हणजे रमाबाई. दोन वेळा परीक्षा झाली आणि दोन्ही वेळा माणूस वाकला, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. बहिणीच्या लग्नानंतर ती वही उघडली आणि ते वाक्य खोडलं.

माझ्या मॉडेलमधली चूक मला इथं दिसली. मॉडेलमध्ये प्रत्येक ठिपका आपला फायदा-तोटा मोजतो. नियम मोडला तर माझं काय जाईल, पाळला तर काय मिळेल. रानड्यांच्या पुण्यात आणि आमच्या मांडवात हिशेब असा चालतच नाही. नियम मोडतो एक आणि दंड भरतो दुसरा, आणि तो दुसरा नेमका आपल्या मायेचा असतो. समाजानं ही व्यवस्था फार हुशारीनं बसवली आहे. माणूस स्वतःपुरता बेडर होऊ शकतो, पण बहिणीच्या सोयरिकीपुढं, आईच्या पंगतीपुढं तो बेडर राहील कसा? ज्याला आपण भित्रेपणा म्हणतो त्यात पुष्कळदा माया मिसळलेली असते. दोन्ही वेगळं काढायला गेलं की हात पिवळे होतात.

धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट याच्या शेजारी ठेवून बघा. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे रानड्यांच्या प्रायश्चित्ताच्या पुढच्याच वर्षी, कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातली विद्यार्थिनी. कर्वे त्या वेळी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. बातमी कोकणात मुरूडला पोचली तशी गावकऱ्यांनी सभा भरवून त्यांना वाळीत टाकलं. पण पुण्यात बसलेल्या प्रोफेसराला मुरूडचा बहिष्कार लागणार किती? गावालाही ते कळत होतं. म्हणून ठराव असा, की कर्व्यांना घरात घेतलं तर घरच्यांवरही बहिष्कार. दोरी आईच्या आणि भावाच्या गळ्यात, टोक गावाच्या हातात. कर्वे वाकले नाहीत, हे खरं. त्यांची भाकरी मुरूडच्या हातात नव्हती आणि पुण्यात त्यांच्याबरोबर बसून जेवणारी थोडी का होईना माणसं होती, हेही तितकंच खरं.

आणि कर्व्यांचंही पुढं काय झालं बघा. विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी त्यांनी १८९३ मध्येच उभी केली. दोनच वर्षांत तिचं नाव बदलून ‘प्रतिबंध निवारक’ झालं, म्हणजे लग्न करा असा आग्रह नाही, करणाऱ्याच्या वाटेतले अडथळे दूर करू, एवढंच. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा तिथं येणाऱ्या विधवांच्या शिक्षणावर भर दिला आणि पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमापासून लांब ठेवला, नाहीतर मुली पाठवल्या कुणी असत्या? म्हणजे वाकणं त्यांनाही चुकलं नाही. कुठं वाकायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं. मला विचाराल तर सुधारणेच्या इतिहासातला हा भाग आपण फार कमी शिकवतो. पुतळा ताठ उभा असलेला लागतो ना!

तुम्ही म्हणाल, ही सगळी पुण्याच्या ब्राह्मणांची गोष्ट, महागावशी तिचा संबंध काय? बरोबर आहे. आमच्या कुणबी घरात विधवेचं केशवपन कधी नव्हतं. पाट लागायचा. माझ्या पणजीचा पाट लागला होता, आजी हे अगदी सहज सांगते. जुन्या पाटात समान हक्क होता अशी स्वप्नं रंगवायचं कारण नाही. पाट रात्री लागायचा, वाजंत्री नसायची, आणि पाटाच्या बाईला मंगलकार्यात पहिल्या लग्नाच्या बाईचा मान नसायचा. तरी तिला पुन्हा संसार होता. पुढं घरं सुधारली, पोरं शिकली, नोकऱ्या लागल्या, आणि ‘आपल्यात पाट लागत नाही’ असं सांगणं इभ्रतीचं झालं. वरच्यांनी जे सोडायला सुरुवात केली ते आपण धरलं. मोठे बाबा वारले तेव्हा मोठी माय अडतीस वर्षांची होती. तिच्या दुसऱ्या लग्नाचं नावही कुणी काढलं नाही. पणजीच्या काळी काढलं असतं. परंपरा म्हणून आपण जे पाळतो ते कधी कधी आजोबांच्या वयाचंही नसतं.

मग नियम मोडतात तरी कसे? मोडतात, हे तर दिसतंच. केशवपन गेलं.

केशवपनाच्या बाबतीतली एक घटना मला रानडे-कर्व्यांच्या इतकीच मोठी वाटते. १८९० मध्येच, म्हणजे पुण्यात चहा झाला त्याच वर्षी, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली. लोखंडे फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी. शेकडो न्हावी जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. यातली मेख लक्षात घ्या. एकट्या न्हाव्यानं नकार दिला असता तर त्याचं गिऱ्हाईक गेलं असतं, आणि विधवेचे केस पलीकडच्या गल्लीतल्या न्हाव्यानं काढलेच असते. त्याचा नकार फुकट, वर पोटाला चिमटा. सगळ्यांनी एकमेकांसमोर, एकाच दिवशी ठरवलं तर चित्र बदलतं, कारण प्रत्येकाला कळतं की दुसराही काढणार नाही, आणि दुसऱ्यालाही कळलंय की मला कळलंय.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७८ मध्ये याचं साधं गणित मांडलं. ते हळदीच्या भाषेत सांगते. दहा बाया आहेत. पहिली म्हणते, कुणी नाही आलं तरी मी मोठ्या मायला मांडवात नेईन. दुसरी म्हणते, एक पुढं झाली तर मी येईन. तिसरीला आधी दोघी लागतात, चौथीला तिघी, असं दहाव्या बाईपर्यंत. पहिली उठली की एकेक करत दहाही उठतात. आता फक्त दुसरी बाई बदला. तिला एकीऐवजी दोघी लागतात असं समजा. पहिली उठते, आणि संपलं. बाकी नऊ जणी बसून राहतात, आणि गावात बोलणं होतं की एक आगाऊ पोरगी सोडली तर आपल्याकडच्या बायकांना हे मुळीच पसंत नाही. दोन्ही मांडवांतल्या बाया जवळजवळ सारख्याच आहेत. फरक एका बाईच्या एका पायरीचा. म्हणून लोक नियम पाळतात यावरून त्यांच्या मनात काय आहे ते कळत नाही. आणि म्हणूनच पहिलीपेक्षा दुसरीची किंमत जास्त असते. १९५० च्या दशकात सॉलोमन ॲश यांनी रेघांची लांबी ओळखायचे प्रयोग केले, त्यांतही हेच निघालं. सगळी खोली मुद्दाम चूक उत्तर देत असताना माणसं साधारण एक-तृतीयांश वेळा डोळ्यांदेखत चूक बोलली. पण खरं बोलणारा एकच सोबती दिला, तर ती चूक जवळपास चौथ्या हिश्श्यावर आली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. १७ मे रोजी राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. अशा ठरावांना लोक हसतात. कागदानं मनं बदलतात का म्हणतात. नाही बदलत. पण आजीला आईचं मन कळत नाही आणि आईला आजीचं, त्यावर चारचौघांत हात वर करून केलेला ठराव हा औषधासारखा आहे. आणि दंड? बहिष्कार घालणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्रानं २०१६ मध्ये केला, तो २०१७ पासून लागू आहे. तो पंचांना धाक घालू शकतो. ‘आम्ही चूप’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना कुठल्या कलमाखाली धरणार?

मॉडेलमध्ये ‘दंड शेजाऱ्याला’ हा बदल घालायचं काम मी सुरू केलं आहे. गाईड म्हणतात, आधी सोपं मॉडेल नीट सोडव. बरोबरच आहे त्यांचं.

या वैशाखात चुलत बहिणीचं, म्हणजे मोठ्या मायच्या सख्ख्या लेकीचं लग्न आहे. या वेळी मी आधीच कामाला लागले. आजीला सांगितलं की आईला चालतं. आईला सांगितलं की आजीला चालतं. आत्याला दोघींचं सांगितलं. होणाऱ्या सासूबाईंना फोन लावायचं काम आत्यानं आपण होऊन घेतलं. दुसरी बाई मिळाली, म्हणून मी मनातल्या मनात उडी मारली. गेल्या रविवारपर्यंत सात जणींचा होकार होता.

मग मोठ्या मायला सांगायला गेले. ती अंगणात हळद पसरत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुमी साऱ्या जनी हो म्हनलं, बरं झालं. पन मी हो म्हनू का? उद्या पोरीच्या संसारात काई कमी-जास्त झालं तं बोट कोनाकडं जाईन? तुह्याकडं नाई जाईन.”

मी म्हटलं, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

“लोकायचं नाई सांगत मी,” ती म्हणाली, “माह्यंच बोट माह्याकडं जाईन.”

पुढं बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. कंद उलटत राहिलो. उन्हं उतरली तशी तिनं विचारलं, सासूबाई फोनवर नेमकं काय म्हणाल्या, शब्दाला शब्द सांग. मी आत्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.